अक्षर हे अक्षरच हवं: सेवाभावी संस्थेची वेबसाइट दिव्यांगांना वापरता येईल अशी कशी करायची

गेल्या पावसाळ्यात एका संस्थेच्या कार्यालयात बसलो होतो. जुनी, नावाजलेली संस्था. श्रवणयंत्रं, तीनचाकी सायकली, कृत्रिम पाय असं वाटप करणारी. मी अशा लहान संस्थांच्या वेबसाइटची डागडुजी करून देतो. त्या दिवशी शेजारी एक गृहस्थ होते, बँकेत नोकरी करणारे, पूर्ण अंध, मोबाइल टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, सराईतपणे चालवणारे. त्यांना एवढंच सांगितलं होतं: आमच्या साइटवरून शंभर रुपये देणगी देऊन दाखवा.

फोन बोलू लागला. "लिंक. इमेज. लिंक. इमेज. आयएमजी २०२३०८१५ डब्ल्यूए००१७. अधिक वाचा, लिंक. अधिक वाचा, लिंक." चारेक मिनिटं त्यांचं बोट पडद्यावर सरकत राहिलं. मग म्हणाले, "अहो, इथे कुठेतरी क्यूआर कोड असणार. असेल ना? पण फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनने स्कॅन कसा करू?" सचिव बाई हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. कारण ही अडचण डोळसांचीसुद्धा होती, फक्त आजवर कोणी बोललं नव्हतं.

तेव्हापासून मी कुठलीही साइट हातात घेतली की आधी एकच गोष्ट बघतो: जे अक्षर दिसतंय ते खरंच अक्षर आहे की अक्षराचं चित्र? मराठी संस्थांच्या साइटवरचे बहुतेक अडथळे इथून सुरू होतात. बाकीचं पुढे सांगतोच, पण वेळ आणि पैसा तुटपुंजा असेल तर तो आधी इथे घाला.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि सेवा देणारा सरकारी असो की खासगी, ती सेवा सगळ्यांना वापरता आली पाहिजे अशी त्यात तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसी करताना "डोळे मिचकावा" सांगणाऱ्या अ‍ॅपपुढे अंध माणसाने आणि अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बाईने करायचं काय, असा तो मामला होता. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, तेही फक्त आठ प्रकार धरून. विश्वस्तांच्या बैठकीत पुरतील एवढे हे आकडे आहेत.

पहिलं काम: कोड उघडण्याआधी माणूस बोलवा

साइटवर लोक कशाला येतात याची यादी करा. लहान संस्थेत ती तीनचारच्या पुढे जात नाही: मदत मिळेल का ते बघणं, अर्ज करणं, फोन नंबर शोधणं, देणगी देणं. यातली दोन कामं एका अंध आणि एका कर्णबधिर व्यक्तीला तुमच्यासमोर करायला सांगा. जमल्यास हात कापणाऱ्या किंवा माउस धरता न येणाऱ्या कुणालाही. मध्ये बोलायचं नाही, "वरती आहे बघा" असं सांगायचं नाही. नुसतं लिहून घ्यायचं. आणि हो, त्यांना मानधन द्या. तुमच्या वेब डिझायनरने फुकट काम केलं नाही, त्यांनी का करावं?

माणूस मिळेपर्यंत स्वतः करून बघा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली टॉकबॅक असतं. चालू करण्याआधी ते बंद कसं करायचं ते वाचून घ्या. मी नव्हतं वाचलं, आणि अर्धा तास माझा फोन माझाच नव्हता. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, पूर्ण मोफत आहे. त्यात एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक, एफ दाबलं की फॉर्ममधला पुढचा रकाना. डोळे मिटून दहा मिनिटं बसा.

दुसरं काम: चित्रात अडकलेली मराठी बाहेर काढा

शिबिराची तारीख कुठे असते? फुलांच्या नक्षीच्या पोस्टरमध्ये. अर्जाच्या अटी? स्कॅन केलेल्या, जरा तिरक्या पीडीएफमध्ये. संस्थेचा इतिहास? १९९८ च्या स्मरणिकेच्या पानाच्या फोटोत. स्क्रीन रीडरला यातलं एक अक्षरही दिसत नाही, आणि गूगललाही फारसं हाती लागत नाही.

पोस्टर काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच चालतं, हे मलाही कळतं. फक्त साइटवर टाकताना पोस्टरखाली तोच मजकूर टाइप करा: काय, कधी, कुठे, काय कागद आणायचे, कोणाला फोन करायचा. पाच ओळी.

जुन्या पीडीएफची एक सोपी परीक्षा आहे. त्यातलं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या रकान्यात चिकटवा. मराठी उमटली तर ठीक. काहीच निवडता आलं नाही तर ते चित्र आहे. इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा गोंधळ उमटला तर मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, कृतिदेवमध्ये किंवा आयएसएममध्ये टाइप केलेला आहे. तो डोळ्यांना मराठी दिसतो, पण यंत्राच्या लेखी इंग्रजी अक्षरांची रास असतो. अंध वाचकाला तो तसाच ऐकू येतो.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर मोफत मिळतात. चित्र असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी बऱ्यापैकी ओळखली जाते. दोन्हीकडे मुद्रितशोधन मात्र करावंच लागतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, "ऱ्य" हमखास बिघडतो, आकड्यांमध्ये १ आणि ९ ची अदलाबदल होते. खाते क्रमांक आणि तारखा दोघांनी मिळून तपासा, एकाने वाचून दाखवायचं आणि दुसऱ्याने मूळ कागद बघायचा.

आणि एक मेख. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी पीडीएफ झाल्यावर देवनागरी कधी कधी आतून विस्कटते. "किती" मधली वेलांटी सुटून पुढे येते, जोडाक्षरं तुटतात. डोळ्यांना काहीच कळत नाही, कानाला लगेच कळतं. म्हणून माझा आग्रह असा की महत्त्वाची माहिती पीडीएफमध्येच ठेवू नका. तोच मजकूर वेबपानावर लिहा, पीडीएफ छपाईसाठी जोडा. पीडीएफ बनवतानाही वर्डमधून "सेव्ह अ‍ॅज" ने करा, "प्रिंट" मधून नको. प्रिंटच्या वाटेने गेलं की शीर्षकांची आतली खूण हरवते. सगळी जुनी पीडीएफ एकदम हाताळायला जाल तर काम कधीच संपणार नाही. गेल्या दोन वर्षांतली आणि अर्जाची आधी घ्या. १९९८ ची स्मरणिका थांबू शकते.

तिसरं काम: साइटला सांगा की ती मराठी आहे

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मी बघितलेल्या साइटपैकी फार थोड्यांनी केलेलं असतं. प्रत्येक वेबपानाच्या आत भाषेची एक खूण असते. साइट बनवायचं वर्डप्रेस हे साधन इंग्रजीत बसवलं की तिथे "एन-यूएस" येतं आणि तसंच राहतं. मग पान मराठी, पण स्क्रीन रीडरला हुकूम अमेरिकन इंग्रजी आवाजाचा. काही आवाज देवनागरी गाळून फक्त इंग्रजी आकडे वाचतात. आमच्या त्या गृहस्थांच्या शब्दांत, "तुमची साइट मडमेकडून मराठी वाचून घेतेय."

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग साइट लँग्वेज इथे मराठी निवडा. सगळा कारभार मराठीत दिसून गोंधळ उडत असेल तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये आपली भाषा इंग्रजी ठेवता येते. साइट दुसऱ्या कशावर असेल तर ज्याने बनवली त्याला सांगा, "एचटीएमएल टॅगमधला लँग एमआर कर." त्याला कळेल. साइटचं इंग्रजी रूप वेगळं असेल तर त्या पानांवर इंग्रजीची खूण राहू द्या.

चौथं काम: फोटो, शीर्षकं, लिंक

फोटोला पर्यायी मजकूर द्यायचा असतो. वर्डप्रेसमध्ये फोटो चढवताना "ऑल्टरनेटिव्ह टेक्स्ट" असा रकाना येतो तोच. "वाटप कार्यक्रम" असं लिहून मोकळं होऊ नका. "जत तालुक्यातल्या शिबिरात एक आजी नव्या श्रवणयंत्राचं बटण चाचपून बघताना" असं लिहा. एका ओळीत संपवा. "बिचारी", "व्याधीग्रस्त" असले शब्द नकोत, आणि "फोटोमध्ये दिसत आहे की" हेही नको. फोटो आहे हे स्क्रीन रीडर सांगतोच. नक्षी, रेघा, पार्श्वभूमीची फुलं यांचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवायचा, म्हणजे त्या वगळल्या जातात.

शीर्षक म्हणजे ठळक केलेली ओळ नव्हे. एडिटरमध्ये "हेडिंग" म्हणून निवडलेली ओळ म्हणजे शीर्षक. अंध वाचक अख्खं पान ऐकत नाही, तुम्ही जसं डोळ्यांनी चाळता तसा तो शीर्षकांवरून उड्या मारतो. शीर्षकंच नसतील तर त्याला जिना नसलेल्या इमारतीत सोडल्यासारखं होतं.

लिंकचंही तेच. "अधिक वाचा" नऊ वेळा ऐकणाऱ्याला काय कळणार? "श्रवणयंत्रासाठी अर्ज" अशी लिंक द्या. "इथे क्लिक करा" तर हद्दपारच करा.

होमपेजवर आपोआप सरकणारे फोटो बहुतेक संस्थांना प्रिय असतात, कारण त्यात सगळ्या पाहुण्यांचे सत्कार बसतात. वाचता वाचता ओळ निघून जाते, स्क्रीन रीडर भरकटतो, लक्ष टिकवणं अवघड जाणाऱ्याला तर पानच सोडून द्यावंसं वाटतं. काढून टाका म्हटलं की वाद होतो. निदान थांबवायचं बटण द्या आणि आपोआप सरकणं बंद करा. आजवर या मुद्द्यावर मी दोनदा जिंकलो आहे आणि तीनदा हरलो आहे.

पाचवं काम: देणगीचं आणि अर्जाचं पान

इथे सावकाश जा, कारण इथे चुकलं तर माणूस परत येत नाही.

क्यूआर कोड ठेवा, पण त्याखाली यूपीआय आयडी अक्षरांत लिहा आणि शेजारी "कॉपी करा" असं बटण द्या. बँकेचं नाव, शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी कोड हेही टाइप केलेलं हवं. आयएफएससीमध्ये पाचवी जागा नेहमी शून्याची असते. ऐकणाऱ्याला शून्य आणि ओ मधला फरक कळेलच असं नाही, म्हणून "पाचवं शून्य" असं लिहून टाका. फार बारीक वाटेल, पण पैसे परत गेल्यावर बारीक वाटत नाही.

फॉर्मच्या रकान्याचं नाव रकान्याबाहेर, वर लिहा. आतल्या फिकट अक्षरांत लिहिलं तर टाइप करायला लागताच ते पुसलं जातं, आणि ज्याला लक्षात ठेवायला त्रास होतो तो अडकतो. ते नाव रकान्याशी आतून जोडलेलं आहे ना, हे डिझायनरला विचारा. तपासायचं कसं? नावावर क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला तर जोडलेलं आहे.

आयकर सवलतीसाठी ८०जी ची पावती हवी म्हणून आपण पॅन मागतो. चुकला की रकान्याभोवती लाल चौकट येते आणि बाकी शांतता. ज्याला लाल दिसत नाही त्याने काय समजायचं? शब्दांत लिहा: "पॅन १० अक्षरांचा हवा. आधी ५ इंग्रजी अक्षरं, मग ४ आकडे, शेवटी १ अक्षर." आणि चूक झाली म्हणून आधी भरलेलं सगळं पुसू नका, ही विनंती सगळ्या मानवजातीच्या वतीने.

वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढा. त्याऐवजी फॉर्ममध्ये एक छुपा रिकामा रकाना ठेवता येतो, जो माणसाला दिसत नाही आणि स्क्रीन रीडरलाही सापडत नाही. फॉर्ममधून स्पॅम, म्हणजे नको असलेले संदेश, पाठवणारं यंत्र तो भरतं आणि पकडलं जातं. लहान संस्थेच्या फॉर्मला एवढी राखण पुरते.

पैसे भरण्याचं पान बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचं असतं आणि ते आपल्या हातात नसतं. तरी तेही टॉकबॅकवर चालवून बघा, अडलं तर त्या कंपनीला लेखी कळवा, आणि तोवर बँकेची माहिती अक्षरांत ठेवा म्हणजे वाट बंद होत नाही.

संपर्काच्या पानावर नुसता फोन नंबर हे कर्णबधिर माणसाच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि ईमेलही द्या, आणि ते रोज कोण बघणार हे ठरवा.

सहावं काम: रंग आणि देवनागरी

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं एक गुणोत्तर असतं. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी ते किमान ४.५ ला १ हवं. आपला लाडका भगवा पांढऱ्यावर लिहिला तर जेमतेम २.१ भरतो. पिवळ्यावर पांढरं तर विचारूच नका. वेबएम (WebAIM) या संस्थेचा काँट्रास्ट चेकर मोफत आहे, त्यात रंगाचे आकडे टाकून बघा. भगवा पट्टीला, चौकटीला ठेवा. अक्षरं काळी किंवा गडद निळी.

परदेशी मार्गदर्शिका रोमन लिपी धरून लिहिलेल्या असतात, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यात सापडत नाही. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटे मणी होतात. तिरपा टाइप टाळा. दोन्ही कडा सारख्या करायच्या नादात शब्दांमध्ये खड्डे पडतात, म्हणून डावी कडच सरळ ठेवा. फॉन्ट पारखायला "दर्या" आणि "दऱ्या" शेजारी शेजारी लिहून बघा. दोन्ही नीट उमटले तर फॉन्ट चालेल. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत.

मग ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत पान २०० टक्के करा, पुढे ४०० टक्के. मजकूर एकावर एक चढतो का, आडवं सरकवावं लागतं का? फोनवर दोन बोटांनी मोठं करता येतं का? काही थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यांमध्ये, ते मुद्दाम बंद केलेलं असतं.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर देणगीपर्यंत पोहोचा. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसली पाहिजे. ती "कुरूप दिसते" म्हणून डिझायनर घालवतात, परत मागा. बटणं बोटाला सापडतील एवढी हवीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, मी दुप्पट ठेवतो.

सातवं काम: व्हिडिओ आणि भाषा

व्हिडिओतलं बोलणं खाली दाखवणारी मराठी सबटायटल्स द्या आणि ती यंत्रावर सोडू नका, हाताने तपासा. सगळं बोलणं पानावर व्हिडिओखाली लिहूनही ठेवता आलं तर उत्तम. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा मराठी नसून खुणांची भाषा असते, त्यामुळे लांबलचक मराठी वाक्यं त्यांना परकीच. निदान "मदत कशी मागायची" याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ भारतीय सांकेतिक भाषेत करून घ्या.

आणि ती सरकारी मराठी सोडा. "सदर योजनेचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या अर्जदारांनी आवश्यक त्या कागदपत्रांसह विहित नमुन्यात अर्ज सादर करणे बंधनकारक राहील." याऐवजी: "तीनचाकी सायकल हवी असेल तर हा अर्ज भरा. सोबत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार आणि एक फोटो लागेल." बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला समजेल, त्याच्या आईला समजेल, आणि कार्यालयातले फोनही कमी होतील. "अपंग" लिहायचं की "दिव्यांग" यावर वाद घालायचा असेल तर घाला, पण लोक गूगलवर दोन्ही टाइप करतात, म्हणून पानावर दोन्ही शब्द कुठेतरी असू द्या.

एक सावधगिरी: कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह बसवून "एका ओळीच्या कोडने साइट सुगम" करून देणारी साधनं विकायला येतील. अक्षराचं चित्र त्यांनी अक्षर होत नाही, आणि अनेकदा ती स्क्रीन रीडरच्या आड येतात. असे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीकडून दहा लाख डॉलर वसूल करण्याचा आदेश काढला. असल्या साधनांवर जाणारा पैसा चाचणी करणाऱ्यांच्या मानधनाला वापरा. वेव्ह आणि क्रोममधलं लाइटहाउस ही मोफत साधनं चुका शोधायला चांगली आहेत, पण पर्यायी मजकूर "आहे" एवढंच त्यांना कळतं, तो अर्थाचा आहे का ते नाही.

नवी साइट बनवून घेत असाल तर कामाच्या करारातच लिहा: डब्ल्यूसीएजी २.१ ची एए पातळी, एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर देणगी पूर्ण करून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता. हप्त्याला जोडलेली अट लोक विसरत नाहीत.

यानंतर साइट बिघडते ती रोजच्या हातांनी. दर आठवड्याला पोस्टर टाकणारा कार्यकर्ता बदलतो आणि चित्रं पुन्हा मुकी होतात. त्याच्या टेबलापाशी एक चिठ्ठी लावा: मजकूर टाइप केला? फोटोचं वर्णन लिहिलं? शीर्षक हेडिंगमध्ये आहे? साइटवर "वापरताना अडचण आली तर" असं छोटं पान ठेवा, त्यावर एका माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर.

त्या संस्थेत आता दर तीन महिन्यांनी तेच गृहस्थ येतात, टॉकबॅकवर दहा रुपये देणगी देतात आणि पावतीची वाट बघतात. मागच्या खेपेला देणगी पावणेदोन मिनिटांत गेली. पावती आली ती सही-शिक्क्यासकट स्कॅन केलेलं चित्र होती. ते या आठवड्यात दुरुस्त करायचं आहे.